घरची कानस आणि राखणीची बंदूक

(चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बैठक धानपट्ट्यात झाली. परंतु रानडुकराचा आणि बंदुकीचा प्रश्न कापूस-ज्वारीच्या गावांतही तोच असल्याने जिल्हा बैठकांसाठी छापत आहोत.)



मी वऱ्हाडातला. आमच्याकडे कापूस, ज्वारी, तूर. तुमच्याकडे तलाव आणि धान. पीक वेगळे, पण रात्रीची जागल एकच. तुमच्या पाठीशी नागझिऱ्याचे जंगल आहे. आमच्याकडे जंगल लांब आहे, तरी डुक्कर नाल्यातल्या झुडपात घर करून राहते. ज्वारी हुरड्यावर आली की एका रात्रीत अर्धा एकर आडवी करते. कापसाचे कोवळे शेंडे रोही खुडते. आमच्या भागात लोकांनी ज्वारी सोडली, त्याला भाव हे एक कारण आणि ही जनावरे हे दुसरे. मी शेतकीचा पदवीधर आहे, पण डुकराला पदवी दाखवून उपयोग नसतो.

काल रात्री इथली चार पोरे माझ्याजवळ येऊन बसली. एकाच्या घरी आजोबाच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, परवाना आता वडिलांच्या नावाने आहे. घोडा ढिला झाला आहे, टोपी कधी पेटते कधी पेटत नाही. पोराने मोबाइल दाखवला. त्यात एक अमेरिकन माणूस आपल्या गॅरेजमध्ये बंदूक खोलून बसलेला. समोर नाना तऱ्हेची जिग, म्हणजे काम एकाच जागी पक्के धरून ठेवणारे साचे. बारीक कानशी, कमान दाबायचा चिमटा, पेचकसांचा अख्खा डबा. पोरगा विचारतो, "भाऊ, यातले आपण काय काय घ्यायचे?"

प्रश्न चांगला आहे. ज्याला हत्याराची निवड कळते तो कारागीर व्हायला लागला आहे. म्हणून त्याला हाकलून न देता आजचे बोलणे मी त्यावरच ठेवतो.

आधी कायद्याचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे सगळे फुकट. अमेरिकेत स्वतःपुरती बंदूक घरी जुळवण्याचा शौक बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसतो, राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, विकणे, त्याचे रूप बदलणे यांच्या रांगेतच 'दुरुस्ती' हा शब्दही आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, दुरुस्त करण्याचा वेगळा. पहिला तुमच्या खिशात आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. २०१९ साली कायद्यात बदल झाला आणि या गुन्ह्याची शिक्षा किमान ७ वर्षे, वर जन्मठेपेपर्यंत गेली. नळी आखूड करणे हाही गुन्हाच. आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या हाती तुम्ही बंदूक दिलीत तर तो एकटा अडकत नाही. समोरच्याला ती हाताळायचा अधिकार आहे की नाही हे न पाहता शस्त्र सोपवले, तर कलम २९ देणाऱ्यालाही धरते.

कोणी म्हणेल, हा कायदा शेतकऱ्याच्या मुळावर आला. मी तसे म्हणणार नाही. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक घेण्याची तरतूद शब्दांत लिहिलेली आहे. तेवढा हक्क कागदावर आहे आणि तो मागितला पाहिजे. पण दुरुस्तीची अट का घातली, ते मी घरच्या अनुभवाने शिकलो.

माझ्या वडिलांकडे अशीच बंदूक होती. एका निवडणुकीत ती ठाण्यात जमा झाली, पावसाळ्यानंतर परत आली तेव्हा नळीत गंज होता आणि गज आत अडकून बसलेला. चुलतभाऊ हाताचा हुशार, इंजिनाचे पंप खोलायचा. त्याने नळी वाइसमध्ये धरली. उघड्या लोखंडी जबड्यांत, मध्ये चिंधीसुद्धा नाही. आवळली आणि गज ओढला. गज निघाला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

वडिलांनी नशिबाने ती तशीच वापरली नाही. शहरात परवानाधारक कारागिराकडे नेली. त्या म्हाताऱ्याने आधी गज टाकून आत काही भरलेले नाही ना, ते पाहिले. मग नळी सुटी करून उजेडाकडे धरली, मला जवळ बोलावले आणि म्हणाला, आत बघ. गुळगुळीत नळीत दिव्याच्या उजेडाची गोल कडी दिसतात, एकात एक. एका जागी ती कडी लंबगोल झाली होती. वाइसने नळी दबली होती. बाहेरून बोटाला काही लागत नव्हते. त्यात गंजाचे खड्डे. तो म्हणाला, यातून बार काढला तर गोळी बाहेर जाईल की नळी फाटेल, हे मी सांगू शकत नाही. त्याने हात लावला नाही. आम्ही रागावलो होतो तेव्हा. आता वाटते, त्या दिवशी त्याने वडिलांचा डावा हात वाचवला, कारण बार काढताना तोच हात नळीखाली असतो.

त्याच्या टेबलावर मी पाहिले ते तुम्हाला सांगतो, कारण जिग म्हणजे काय हे मला तिथे कळले. त्याच्या वाइसला लाकडाचे दोन ठोकळे होते, नळीच्या गोलाईइतके कोरलेले, आतून चामडे लावलेले. प्रत्येक जातीच्या नळीला वेगळी जोडी. पेचकस वीसेक असतील, पण विकत आणलेले तसेच एकही नाही. प्रत्येकाचे टोक त्या-त्या स्क्रूच्या खाचेत नेमके बसेल असे घासलेले. आपण काय करतो? एक पेचकस, सगळे स्क्रू. तो घसरतो, खाच मरते, मग स्क्रू छिन्नीने ठोकून काढतो. कमान काढायला त्याच्याकडे दाबून धरणारा छोटा चिमटा होता. पकडीने काढली तर कमान तुटते किंवा डोळ्यात जाते. म्हणजे कापणारे हत्यार त्याच्याकडे थोडे, धरणारे जास्त. काम जितके नाजूक तितकी धरण्याची सोय आधी, हे मी शेतकी शाळेत शिकलो नव्हतो.

बिहारात मुंगेरला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अठराव्या शतकात मीर कासिमने तिथे राजधानी नेली आणि बंदुकांचे कारखाने काढले. तिथले परवान्याचे कारागीरही आधी वर्षानुवर्षे वस्तादाच्या हाताखाली काढतात. आपल्या पोराला खरेच हे काम शिकायचे असेल तर आयटीआयमधून फिटर व्हा, परवाना असलेल्या दुकानात उमेदवारी करा, मग दुरुस्तीच्या परवान्याचा अर्ज करा. मोबाइलवरून मागवलेला डबा हा त्याचा रस्ता नव्हे.

मग परवानाधारकाने घरी काय ठेवावे? साफसफाई ही दुरुस्ती नाही. ती तुमचीच जबाबदारी आहे आणि नव्वद टक्के बिघाड तिच्या अभावीच होतो असे माझे मत आहे. खटका, घोडा, निपल, नळीचे बूड यांचे स्क्रू फिरवायचे नाहीत. एवढी रेघ ओढली की यादी छोटी होते.

पहिला, गज. लोखंडी सळई नको. ती नळीचे तोंड आतून घासते आणि तोंड घासले की नेम गेला. सरळ रेषेच्या सुक्या लाकडाचा किंवा पितळेचा घ्या. आता या गजाचा दुसरा उपयोग ऐका, आजच्या बोलण्यात मला हाच सगळ्यांत मोठा वाटतो. कारागिराकडे तपासणीला न्याल तेव्हा, त्याने नळी रिकामी असल्याची खात्री केल्यावर, गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने खूण करून घ्या. ही रिकाम्या नळीची खूण. पुढे घरी बंदूक हातात घेतली की आधी टोपी नाही ना ते बघा, तोंड माणसापासून आणि घरापासून दूर ठेवा, स्वतःचे डोके नळीसमोर आणू नका, आणि गज सोडा. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. मागच्या हंगामातला बार असेल, चिंधी असेल, गांधीलमाशीचे मातीचे घर असेल. तिथेच थांबा. ठोकून, तापवून, तार घालून काढू नका, कारागिराला सांगा. भरलेल्या नळीत दुसऱ्यांदा दारू भरली गेली, हा ठासणीच्या बंदुकीचा नेहमीचा अपघात आहे. चाकूची एक रेघ तो टाळते. मला विचाराल तर यापेक्षा चांगले जिग त्या अमेरिकन माणसाकडेही नाही.

दुसरी, घोडी. सागाच्या किंवा बाभळीच्या फळीच्या दोन उभ्या पट्ट्या, वर इंग्रजी व्ही सारखी खाच, खाचेत जुन्या घोंगडीचा तुकडा. साफ करताना बंदूक त्यावर ठेवायची. वाइस नको. हे घरी बनवता येते आणि कुठल्या कायद्यात येत नाही.

तिसरे, सुती चिंध्या, गरम पाणी आणि पातळ तेल. काळी दारू जळाल्यावर मागे क्षार राहतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि रातोरात गंज धरतो. तेलाने ते निघत नाहीत, गरम पाण्याने निघतात. म्हणून बार काढला त्याच दिवशी पाण्याची चिंधी, मग कोरड्या चिंध्या कोरडी निघेपर्यंत, मग तेलाचा हात. कुलपाची पेटी हवीच, दारू आणि टोपी वेगळ्या जागी, पोरांच्या हाताबाहेर. दुसरी कोणती दारू भरू नका. काडतुसातली काढून तर मुळीच नाही, तिचा दाब या नळीला सोसत नाही.

आणखी एक गोष्ट, रागावू नका. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे ती परवानगी वनखात्याची, लेखी, वेगळी. २०२२ च्या बदलानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले आहे. इथे तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ पासून आहे, एक चूक झाली तर सुटका नाही. ही परवानगी वेळेत मिळत नाही, हे आपले भांडण आहे आणि ते आपण भांडू. पण म्हणून कुंपणात विजेची तार सोडू नका. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचा पोरगा यांतला फरक कळत नाही.

राहिला त्या पोरांचा हात, तो शिवशिवतो आहे. त्याला काम द्या. गावात एक टेबल घाला, चांगला वाइस घ्या, दोन-तीन कानशी घ्या, हलक्या दहा नकोत. आमच्या ज्वारीच्या गावांनी तर हे आधी करावे. तिफणीच्या फणांतले अंतर दर हंगामात हलते. एका फळीवर १८ इंचावर तीन खाचा पाडा. फण खाचेत बसले तर अंतर बरोबर. हेही जिगच. ओळ सरळ आली की डवरा झाडाला न लागता जवळून जातो आणि निंदणाची मजुरी वाचते. वखराची पास घासायला तिरपा ठोकळा करा, म्हणजे धार दरवेळी एकाच कोनात येते.

आता माझे संपले. मी सोबत एक पाण्याचा पाइप आणला आहे, बूड बंद केलेला, आणि एक गज. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. पाइपमध्ये मी आधीच काहीतरी टाकून ठेवले आहे. आत न डोकावता, खूण पाहून, ते किती बोटे आहे हे ज्याने त्याने मला सांगायचे.