तक्रार बिशपांविरुद्ध, अर्ज बिशपांकडेच

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, जन्माला आली ती नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन अशा सहा पंथांनी आपली वेगळी चूल मोडली.

१२ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच सीएनआयचे तेव्हाचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, जबलपूरचे बिशप पी. सी. सिंह यांना नागपूरच्याच विमानतळावर अटक झाली. ते जर्मनीहून परतत होते. चार दिवस आधी मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्यांच्या घरावर छापा घालून सुमारे १ कोटी ६५ लाखांची रोकड जप्त केली होती. चर्चच्या शाळांतील विद्यार्थ्यांच्या फीचे २ कोटी ७० लाख रुपये धार्मिक संस्थांकडे आणि खासगी खर्चाकडे वळवले, असा आरोप. तो खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील. पण जाब विचारला तो पोलिसांनी. सीएनआयच्या सर्वोच्च सभेने, सिनडने, त्यांना पदावरून दूर केले ते अटकेनंतर.

असे का होते? पाळकाची नेमणूक बिशपांची, बदलीही त्यांचीच, राहायचा बंगला चर्चचा. मंडळीतल्या माणसाला बाप्तिस्मा, लग्न, दफन या सगळ्यासाठी त्याच पाळकाचे दार ठोठावायचे असते, आणि मुले बहुधा त्याच संस्थेच्या शाळेत. मग तोंड उघडणार कोण? कोणी उघडलेच, तर ठरलेला उपाय बदली. ही शिक्षा नव्हे. एका गावची अडचण दुसऱ्या गावाला न सांगता पोचवणे आहे.

कॅथलिकांनी निदान बिशपांच्या बाबतीत वाट आखली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसाठी प्रत्येक धर्मप्रांतात सर्वांना पोचता येईल अशी व्यवस्था सक्तीची केली आणि बिशपाविरुद्धची प्राथमिक चौकशी महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांकडे सोपवली. म्हणजे अमरावतीच्या बिशपांविरुद्धची तक्रार नागपूरने बघायची. यातही एक बिशप दुसऱ्या बिशपाला तपासणार, हा दोष उरतोच. इंग्लंडच्या चर्चने २००३ साली शिस्तीचा कायदा केला. त्यात तक्रार बिशपांकडेच जाई, शिवाय किरकोळ कुरबुर आणि गंभीर गुन्हा एकाच चाळणीतून जात. निरपराध पाळकही त्यात महिनोन्‌महिने लटकत.

देशाचा कायदा मात्र कोणाची परवानगी मागत नाही. मुलावर अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना सांगणे पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मिशन शाळेत, इस्पितळात महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती हवी, तिच्यात बाहेरचा एक सदस्य हवा. महाराष्ट्रातल्या विश्वस्तांना पैशांच्या अफरातफरीबद्दल हटवण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहेच.

उरते ते पाळकाचे वर्तन, हिशेबातली टाळाटाळ, अरेरावी. त्यासाठी चौकशी मंडळ हवे: निवृत्त न्यायाधीश, एक महिला वकील, दुसऱ्या धर्मप्रांतातला पाळक. बिशपांच्या मर्जीतला एकही नको. आरोप लेखी हवेत, पाळकाला उत्तराची पूर्ण संधी हवी, निकालाला मुदत हवी आणि तो मंडळीसमोर वाचला गेला पाहिजे. इथे बसलेल्या सीएनआयच्या सभासदांनी हा ठराव डायोसीझन कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मांडावा, आणि त्यावर हात वर करून नव्हे, गुप्त मतदान मागावे.