‘जरा चाला-फिरा’ म्हणण्याआधी

क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा दीर्घकाळ टिकणारा थकव्याचा आजार. अंघोळ, केस विंचरणं एवढ्यानंही काही रुग्ण कोलमडतात. तेही बरेचदा दुसऱ्या दिवशी. झोपूनही हुशारी येत नाही. नेहमीच्या रक्ततपासण्या मात्र बहुधा नॉर्मल! मग सल्ला मिळतो, ‘मनाचं आहे, जरा चाला-फिरा.’

ब्रिटनमध्ये तर २००७च्या अधिकृत मार्गदर्शिकेतच टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याची शिफारस होती. ‘नाइस’ या संस्थेनं ती २०२१मध्ये काढून टाकली. उशिरा का होईना, योग्य केलं. या रुग्णांची सेवा करणाऱ्या सर्वांना प्रशिक्षण हवं आणि त्यात रुग्णांचे अनुभवही हवेत, असंही नव्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे.

म्हणजे नर्सनं नुसतं ‘आज कसं वाटतंय?’ विचारून भागत नाही. ‘काल, परवा काय काय केलंत?’ हेही विचारायचं. थकण्याआधीच विश्रांती घ्यायला शिकवायचं. आजार तीव्र असेल तर उजेड, आवाज, स्पर्शही सोसत नाही. तिथे घरी जाऊन, हळू आवाजात, थोडक्यात तपासायचं.

घरात कुणाला असा त्रास असेल, तर रोजची कामं आणि त्यानंतरचा त्रास वहीत टिपा. ती वही डॉक्टरांना जरूर दाखवा.