हायस्कूल कुठे बांधायचं?



सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात जे घडलं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असेल. सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना प्रवेश मिळाला होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले, आणि शेवटी त्या मुलांना वर्गात नेऊन बसवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावं लागलं. पण त्याच शहरात, त्याच हंगामात, आणखी एक हायस्कूल उघडलं. तिथे ना जवान होते, ना जमाव. मला आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या शाळेबद्दल.

तिचं नाव हॉल हायस्कूल. शहराच्या पश्चिमेला पुलास्की हाइट्स नावाचा सुखवस्तू गोऱ्यांचा भाग, तिथे ती बांधली. त्याच्या आदल्याच वर्षी पूर्वेकडे होरेस मान हायस्कूल सुरू झालं होतं, कृष्णवर्णीय मुलांसाठी. आणि या दोन्हींच्या मधे १९२७ सालचं जुनं, भव्य सेंट्रल. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा तिथले शिक्षण अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी एक योजना आखली. प्रत्येक हायस्कूलला हद्द नेमून द्यायची, आणि एकत्र शिक्षणाची सुरुवात हायस्कूलपासून, हळूहळू करायची. ऐकायला किती समंजस! पण वस्त्या आधीच वर्णाप्रमाणे विभागलेल्या, आणि नव्या शाळा नेमक्या त्या वस्त्यांच्या पोटात. हॉलमध्ये सगळे गोरे, मानमध्ये सगळे कृष्णवर्णीय. एकत्र बसण्याचा प्रयोग आला एकट्या सेंट्रलच्या वाट्याला.

सेंट्रलच्या हद्दीत राहणारे गोरे बरेचसे कामगार आणि मध्यमवर्गीय. त्या शाळेसमोर जमलेल्या माणसांनी शाळकरी मुलांना जी शिवीगाळ केली, तिचं समर्थन कोण करील? पण त्या भागातल्या पालकांची एक तक्रार खरी होती. बड्या लोकांनी स्वतःच्या मुलांसाठी वेगळी शाळा बांधून घेतली आणि कायदा पाळायचा तो आम्ही, असं ते म्हणत. नकाशा पाहिला तर त्यांना खोटं पाडता येत नाही. पुढे १९५८-५९ मध्ये शहरातली सगळी सरकारी हायस्कुलं वर्षभर बंद राहिली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये दारं उघडली, तेव्हा हॉलमध्ये पहिल्या तीन कृष्णवर्णीय मुली दाखल झाल्या. तीन!

शाळेची जागा निवडणाऱ्यांच्या मनात नेहमीच पाप असतं असं मी म्हणत नाही. हायस्कूलला मैदान लागतं, मोठी जमीन लागते. ती शहराच्या कडेला मिळते आणि स्वस्त पडते. तिथे नवी घरं उठत असतात, घरं घेणारे आपल्या मुलांसाठी शाळा मागतात, आणि शाळा येणार म्हटल्यावर घरांचे भाव चढतात. शार्लट शहरातल्या शाळांच्या एकत्रीकरणाच्या खटल्यात, १९७१ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. वस्ती पाहून शाळा येते हे खरं, पण शाळा पाहूनही वस्ती येते. दूरच्या गोऱ्या उपनगरांत शाळा बांधत गेलं की आजचा दुरावा उद्यासाठी पक्का होतो, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय.

२००७ मध्ये वारं फिरलं. सिएटल आणि लुइव्हिल इथल्या खटल्यांत न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं, की एकेका मुलाचा वर्ण पाहून त्याची शाळा ठरवता येणार नाही. बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती केनेडी यांनी मात्र स्वतंत्र मत लिहून, शाळा मिश्र राहाव्यात यासाठी कोणते मार्ग अजून मोकळे आहेत ते सांगितलं. त्यांच्या यादीत पहिला मार्ग होता नव्या शाळेची जागा विचारपूर्वक निवडण्याचा. दोन वस्त्यांच्या सीमेवर शाळा बांधा, मग कुणाला बसमध्ये घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायला नको. एक मात्र पाहायला हवं. पूर्वी एकत्रीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि लांबचा प्रवास बहुतेक वेळा त्यांच्याच मुलांनी केला. सीमेवरच्या शाळेत दोन्हीकडच्यांना थोडं थोडं चालावं लागतं, म्हणून तर तिला विरोधही दोन्हीकडून होतो.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. आता मुंबई-पुण्यात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, असं ठिकाण शोधून तर पाहा! मोलकरणीच्या मुलीने कुणाच्या शेजारी बसायचं, हे त्या एका किलोमीटरने परस्पर ठरवून टाकलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या नियमाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला.