घड्याळ, टोस्टर आणि पन्नास वर्षं



जॉर्ज बुकॅनन नावाचा एक दरवान. पन्नास वर्षं एकाच कंपनीच्या नोकरीत काढली, आणि आज त्याचा शेवटचा दिवस. गणवेश घालून तो कामावर येतो. तिथल्या बोळात एक म्हातारी फरशी पुसत असते. दोघं बोलायला लागतात आणि बोलता बोलता उलगडतं, की ही ईडिथ. तरुणपणी ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं, तीच. तिला त्याच्यापासून जुळी मुलं झाली होती. ती मोठी झाली, मेलीसुद्धा. मागे एक नातू आहे. यातलं काही काही त्याला ठाऊक नाही. एका छपराखाली दोघांनी जन्म काढला आणि एकमेकांना दिसली ती आज, कामावरून काढता पाय घेताना!

ही सुरुवात आहे 'द गुड अँड फेथफुल सर्व्हंट' या नाटकाची. जो ऑर्टन या इंग्रज नाटककारानं ते दूरचित्रवाणीसाठी लिहिलं. १९६७ च्या एप्रिलमध्ये ते ब्रिटनमध्ये घरोघरी दिसलं. त्याच वर्षी ९ ऑगस्टला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ऑर्टनचा त्याच्या सोबत्यानं खून केला. पुढे १९७१ मध्ये हे नाटक लंडनच्या इस्लिंग्टन भागात 'किंग्ज हेड' या छोट्याशा नाट्यगृहात रंगमंचावर आलं. हे नाट्यगृह म्हणजे तेव्हा एका दारूच्या गुत्त्याची मागची खोली होती. ऑर्टन राहायचा तेही याच भागात.

नाटकाचं नाव बायबलातलं आहे. मालक परत येतो आणि चाकराला म्हणतो, शाबास, तू भला आणि विश्वासू दास आहेस. ऑर्टननं हे शाबासकीचं वाक्य उचललं आणि त्यापुढे फक्त विचारलं, की बरं, मग दासाला मिळालं काय?

तर बुकॅननला मिळतं एक विजेवरचं घड्याळ आणि एक टोस्टर. बदल्यात गणवेश परत करायचा. मिसेस व्हीलफॉय नावाच्या कर्मचारी विभागाच्या बाई हे सगळं फार प्रेमळपणे पार पाडतात. बाई वाईट नाहीत हो! त्या कधी आवाज चढवत नाहीत. फक्त माणसाची खासगी गोष्टही कंपनीच्या फायलीत असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. गणवेश उतरला की बुकॅनन एकाएकी म्हातारा, किरकोळ दिसायला लागतो.

आता ऐकणाऱ्यांना वाटेल, हे विलायतेचं आम्हाला कशाला? पण मुरुडमध्ये बसून मला हे नाटक परकं वाटत नाही. आपल्याकडचा सेवापूर्ती समारंभ आठवा. मंडप, फ्लेक्स, शाल, श्रीफळ, पूर्ण पोषाख आणि भिंतीवरचं घड्याळ. मी अशा कितीतरी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलंय. सत्कारमूर्तींची माहिती ऐनवेळी एका चिठ्ठीवर हातात येते. त्यात जन्मतारीख, रुजू तारीख आणि 'अत्यंत मनमिळाऊ' हे दोन शब्द. मुख्याध्यापक असो की शिपाई, मनमिळाऊ सगळेच! एका शाळेत सेवकमामांचा निरोप होता. भाषणं झाली, फोटो झाले, आणि मामा तसेच उभे. म्हटलं, "मामा, बसा की आता." तर म्हणाले, "सर, किल्ल्या कुणाकडं द्यायच्या, तेवढं सांगा. मग बसतो." तीस वर्षं त्या माणसानं शाळा उघडली होती, आणि किल्ल्या कुणाला द्यायच्या ते कुणी ठरवलंच नव्हतं.

मराठी रंगभूमीनं निवृत्त माणसाकडे पाहिलं नाही असं नाही. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० चं. निवृत्त नट बेलवलकरांची ती शोकांतिका आपल्याला पाठ आहे. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले आजी-आजोबा पाहून थिएटरात हुंदके ऐकू यायचे. ही नाटकं मोठीच आहेत. पण तिथे दोष बहुधा मुलांच्या पदरात पडतो. मुलगी संशय घेते, मुलगा परदेशी जातो. नोकरीनं माणसाचं काय केलं हा हिशेब बाजूला राहतो. आणि रडून झालं की आपण मोकळे. ऑर्टन रडू देत नाही. हसवतो, आणि हसण्याची आपल्यालाच लाज वाटावी असं करतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं नाटक म्हणजे सतीश आळेकरांचं १९७४ चं 'महानिर्वाण'. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. म्हणजे काळा विनोद आपल्याला वर्ज्य नाही. मरणावर हसता आलं, निवृत्तीवर मात्र अजून हसलो नाही.

बुकॅनन ईडिथशी लग्न करतो. नातू रे काहीच कामधंदा करत नाही, हे ऐकून आजोबा हादरतात. काम न करता माणूस जगतो कसा? शेवटी तोही त्याच कंपनीत चिकटतो. म्हाताऱ्यांसाठी कंपनीनं मनोरंजनाचा क्लब काढलेला आहे. तिथे एकजण बुकॅननला ओळखतो. बुकॅननला केवढा आनंद! मग कळतं, तो दुसऱ्याच कुणाला तरी आठवत होता. घरी येऊन हा म्हातारा हातोडी घेतो आणि घड्याळ आणि टोस्टर दोन्ही फोडतो. मग अंथरुणावर पडतो आणि मरतो. व्हीलफॉयबाई बातमी सांगतात, हळहळतात आणि करमणूक पुढे चालू.

ऑर्टनचे वडील लेस्टर शहरात नगरपालिकेचे माळी होते. हातोडीचा तो घाव कुठून आला, याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

दूरचित्रवाणीवर हे नाटक पाहणाऱ्यांच्या घरात तसंच एखादं बक्षिसाचं घड्याळ टिकटिकत असेल. तो चपराक बसण्याचा एक प्रकार. छोट्या रंगमंचावर मात्र हातोडी चार हातांवर पडते, तुकडे पायाशी येतात. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. प्रसंग लहान लहान आहेत, नेपथ्य जवळपास नाही. एक बाज, दोन खुर्च्या आणि सतरंजी एवढ्यावर हे नाटक आपल्याकडच्या हौशी मंडळींना सहज जमेल. फक्त कुणी बसवलंच, तर बुकॅननला कंत्राटी पहारेकरी करू नका. आता बँकेच्या आणि दवाखान्याच्या दारात जे उभे असतात, त्यांची एजन्सी बदलली की गणवेशाचा रंग बदलतो. पन्नास वर्षं कुणी मोजत नाही, निरोप समारंभही होत नाही. त्यांच्या नाटकात फोडायला घड्याळ कुठून आणणार?



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)