चमच्यांचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यात ठळकपणे न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी आज दोन शब्द बोलण्याची अनुमती असावी.

पावसाळा सुरू झाला की आमच्या बालरुग्ण विभागात जुलाब-उलट्यांनी मलूल झालेली बालके येऊ लागतात. त्यांतील बहुतेकांना लागणारे औषध म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. आमच्या भांडारातील ही एक अत्यंत स्वल्प मोलाची वस्तू. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे काही वर्षांपूर्वी अंदाजपत्रक करताना आम्ही म्हणालो, पाण्यात पूड कालवून पाजण्यासाठी रात्रपाळीस जादा परिचारिका कशाला? ते पद रिक्तच राहिले.

त्याच पावसाळ्यात एका रात्री विभागात एकच परिचारिका होती. एक बालक शांत झोपले आहे असे समजून त्याची दमलेली माता स्वस्थ बसली. बालक झोपले नव्हते, ग्लानीत गेले होते. शिरेवाटे सलाईन देऊन ते वाचले, ही ईश्वरकृपा. चूक त्या मातेची नव्हती, परिचारिकेचीही नव्हती. ती आमच्या अंदाजपत्रकाची होती.

दुसऱ्या दिवशी मुख्य परिचारिकाबाईंनी आमच्यासमोर एक कागद ठेवला. अंगातील पाणी कमी झालेल्या बालकास पहिल्या चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी लागते. दहा किलोच्या बालकास ७५० मिलिलिटर. पाच मिलिलिटरचा चमचा धरला तर १५० चमचे, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक. घाईने पेला तोंडाला लावला तर उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश आरंभ. जोडीला डोळे, जीभ, लघवी यांवर सतत लक्ष. तो कागद वाचून आम्ही निरुत्तर झालो आणि ते पद भरले.

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली. सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देण्याचे धाडस केले. ते पाजले कोणी? बव्हंशी रुग्णांच्या नातेवाइकांनी. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. शुश्रूषेचे सामर्थ्य याहून वेगळे काय सांगावे?

म्हणून येथे उपस्थित मातापित्यांना विनंती. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट एकदम विरघळवावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दुकानातील गोड पेये जलसंजीवनी नव्हेत. अंगावरचे दूध व नेहमीचा मऊ आहार बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करावे. डोळे खोल गेले, बालक ग्लानीत गेले, त्याला पिणे जमेना किंवा शौचावाटे रक्त पडले, तर रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठावे.

देणगीदार महोदय, यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. चमच्यावर कोरता येत नाही. तरीही या वर्षी आपल्या औदार्याचा काही अंश बालरुग्ण विभागातील परिचारिकांच्या वेतनासाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे. त्या दानाची पाटी भिंतीवर लागणार नाही. मात्र रात्री दोन वाजता एखाद्या बालकाच्या उशाशी, हाती वाटी-चमचा घेऊन कोणीतरी जागे असेल.