रोज एक फोटो



सकाळपासून आपल्या सगळ्यांचे मोबाइल सारखे वर आहेत. म्हणून मी फोटोंबद्दलच बोलते.

आपल्या लहानपणी एका रोलमध्ये 36 फोटो निघायचे. तेवढ्यात अख्खं लग्न बसवायचं, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस नीट बघायचा. आता मोजदाद राहिली नाही, आणि काढलेला फोटो पुन्हा बघायला सवडही नाही. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या दुसऱ्या दिवशी त्यांना कमी आठवल्या. नुसत्या बघितलेल्या जास्त आठवल्या. मात्र झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. न बघता पुढे जाण्याचा आहे.

माझी आई शेवटचे काही महिने डायलिसिसवर होती. घरी परतलो की आज काय काय बिघडलं याचीच उजळणी व्हायची. तेव्हा मी एक नेम धरला. रोज एकच फोटो काढायचा, आणि तो ज्याच्यामुळे आजचा दिवस निभावला त्याचा. आईला हात देऊन उतरवणारे रिक्षावाले काका. शेजारच्या वहिनींनी पाठवलेला मऊ भाताचा डबा. सुई टोचण्याआधी आईशी गप्पा मारणाऱ्या सिस्टरचे हात, अर्थात त्यांना विचारून. रात्री आई ते फोटो बघायची आणि म्हणायची, "अगं, आज एवढी माणसं आली होती होय!"

दुखणं काही हटलं नाही. आई गेली. पण त्या दिवसांत नुसता आजारच नव्हता, हे त्या फोटोंमुळे आम्हा दोघींना दिसत राहिलं.

एमन्स आणि मॅककलो या संशोधकांनी 2003 साली हेच लेखणीच्या बाबतीत मांडलं. दर आठवड्याला ज्यांनी कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहिल्या, त्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपलं आयुष्य एकंदरीत बरं वाटलं. आपल्यापैकी अनेकांना लिहायचा कंटाळा. त्यांनी फोटो काढावा.

पद्धत सोपी आहे. रोज एक फोटो, जवळ जाऊन. खाली एक ओळ : हे कोणामुळे? रविवारी सातही फोटो सावकाश बघायचे. त्यातला एक त्या माणसाला पाठवायचा किंवा नेऊन दाखवायचा. ही शेवटची पायरी गाळू नका. मनातल्या मनात मानलेले आभार समोरच्यापर्यंत पोचत नाहीत.

आपला दहावीचा ग्रुप फोटो आठवा. खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर आपण. त्यात घंटा देणारे शिपाईमामा नाहीत. पाण्याचा पिंप भरणाऱ्या मावशी नाहीत. पहाटे उठून आपला डबा करणारी आई नाही. ज्यांनी आपल्याला त्या फोटोत उभं केलं, ते सगळे चौकटीबाहेरच राहिले. त्यातले कितीतरी आता भेटणार नाहीत.

पण आमचे सर आणि बाई आज समोर बसले आहेत. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने एका शिक्षकाजवळ जावं. फोटो काढावाच, पण त्याआधी त्यांनी आपल्यासाठी केलेली एक गोष्ट त्यांना नेमकी सांगावी. पुढच्या मेळाव्यावर ठेवू नका.