जलसा मेला नाही, आपण वर्गणी दिली नाही
(महाड इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'आंबेडकरी जलसा'. मी काही पंडित नाही. दहावी झालोय, गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. पण या विषयात माझ्या नावावर एक गुन्हा आहे. तो कबूल करायला पाळी सोडून इथवर आलोय. आधी थोडा इतिहास सांगतो. इतिहास ठाऊक नसला की गुन्हा गुन्हा वाटत नाही.

तमाशाचा साचा तुम्हाला माहीत आहे. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग. ढोलकी आपली, डफ आपला, गळा आपला. फेटा उडवणारे मात्र दुसरे. १८७३ साली जोतिबांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढं त्याच्या कार्यकर्त्यांनी हाच साचा हातात घेतला. गण ठेवला, पण गणपतीचा अर्थ फिरवला: गणांचा पती, म्हणजे लोकांचा पुढारी. वगात सावकार आणि भट आले. लोक हसत हसत शहाणे व्हायला लागले.

मग १९२७ उजाडलं. १९ आणि २० मार्च. हेच महाड. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्याले. ही बातमी गावकुसाबाहेर कोणी पोचवली? त्याच वर्षी ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघालं. पण पेपर वाचायला अक्षर लागतं, आणि अक्षर आपल्यापासून हजारो वर्षं लपवून ठेवलेलं. गाण्याला अक्षर लागत नाही. कान पुरतो. म्हणून जलसा निघाला.

नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकात हा जलसा गावोगाव नेला. मेलेलं ढोर ओढू नका, पोरगं शाळेत घाला, पाणवठ्यावर हक्क सांगा, हे सगळं ढोलकीच्या तालावर. दिवसा पोटाचा धंदा, रात्री जलसा. आणि म्हातारपणी, १९७८ साली, त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवलं. का? आपल्या गाण्याचा इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी त्यांचं गाव, जन्म १९२२. मोठेपणी अक्षर शिकले आणि १९४३ पासून २००४ साली डोळे मिटेपर्यंत गात राहिले, लिहीत राहिले. महाराष्ट्रात अशी भीमवस्ती दाखवा जिथं वामनदादांचं गाणं पोचलं नाही! तिकडं मुंबईत १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगाव त्यांच्या डफावर पेटलं.

हे गाणं फुकट मिळालेलं नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत स्वतःला संपवलं. पुण्यात २००२ साली कबीर कला मंच उभा राहिला. त्यातल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ ला विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. शीतल तेव्हा गरोदर होती. या देशात डफाची भीती कोणाला वाटते, ते तुम्हीच ठरवा.

आता माझा गुन्हा.

मी आमच्या चाळीतल्या जयंती मंडळाचा खजिनदार होतो. एका जानेवारीत एक म्हातारा जिना चढून आला. धोतर, डोक्याला मफलर, खांद्यावर शबनम. म्हणाला, "पोलादपूरकडचा हाय. आमची गायन पार्टी हाय, चाळीस वर्षांची. अकरा माणसं. आठ हजार द्या, रात्रभर गातो." आम्ही पोरं एकमेकांकडं बघून हसलो. मी म्हणालो, "बाबा, आता हे चालत नाही." चहासुद्धा विचारला नाही. त्या वर्षी आम्ही डीजेला साठ हजार मोजले. पावती माझ्या सहीची आहे.

पुढच्या वर्षी १९ मार्चच्या रात्री मी इथं महाडला आलो. पुढाऱ्यांची भाषणं बाराच्या पुढं गेली. गायन पार्टीला वेळ मिळाला तो रात्री एक वाजता, निम्मं मैदान उठल्यावर. बघतो तर तोच म्हातारा! अकरातले नऊच उरलेले. दव पडून डफाचं चामडं ओलं झालेलं. रद्दी पेटवून त्यांनी डफ शेकला. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि जनरेटर बंद पडला. माईक मेला.

म्हाताऱ्यानं माईकचा दांडा बाजूला सारला, दोन पावलं पुढं आला आणि गात राहिला. लोक सरकत सरकत जवळ आले. मुलं मांडीवर झोपलेल्या बाया पुढं आल्या. ढोलकी छातीत वाजत होती. त्याचा आवाज फाटका होता, वरच्या पट्टीत चिरत होता, पण एकेक शब्द कळत होता. कोरस धरणाऱ्याला दम लागला की लोकच ओळ उचलायचे.

एक गाणं होतं बोटीचं. डिसेंबर १९२७ ला दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईची माणसं 'पद्मावती' बोटीनं निघाली, दासगावच्या बंदराला उतरली, तिथनं पायी महाडला आली. फत्तेखानाच्या जागेवर मंडप होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. मित्रांनो, मी रोज मुंबई बंदरात राबतो. याच बंदरानं ती बोट पाठवली होती, हे मला कुणी सांगितलं? शाळेनं नाही. डीजेनं नाही. ज्याला मी जिन्यावरनं परत धाडलं, त्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

पहाटे मी त्याच्या पाया पडायला गेलो. त्यानं हात धरला. ओळखलं होतं त्यानं. एवढंच म्हणाला, "तुमच्या चाळीचा जिना लई उंच हाय, पोरा."

मी विचारलं, "बाबा, गाण्यांची वही आहे?"

"व्हती. तीन वह्या व्हत्या. सावित्रीनं नेल्या."

जुलै २०२१ चा पूर. महाड बुडालं, तळियेवर डोंगर आला, माणसं गेली. त्या दुःखात कोणाच्या तीन वह्या गेल्या, हे कोण मोजणार? चाळीस वर्षांचा जलसा चिखलात गेला आणि आपल्याला पत्ता नाही.

आता कोणी म्हणेल, हा डीजेचा दुश्मन आहे. नाही. ज्या समाजाला गावातनं वाजतगाजत जायला बंदी होती, त्यानं भर रस्त्यात नाचावं, दणकून नाचावं. पण नाचून घरी गेल्यावर डोक्यात काय उरतं? जलसा प्रश्न विचारायचा. सकाळी माणूस तो प्रश्न घेऊन कामाला जायचा.

जुन्या जलशाची आरतीही मला ओवाळायची नाही. तिथं बाईचं काम पुरुष करायचे, बाई नव्हती. आज कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन एकट्या उभ्या राहतात आणि हजारो माणसं ऐकतात. चेन्नईत २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' बँड उभा राहिला. वस्तीतलं गाना, रॅप, गिटार, सगळं एका मंचावर. मग आपण का नाही? कीबोर्ड आणा, ऑक्टोपॅड आणा, रॅप करा. पण शब्द ऐकू येऊ द्या.

माझं मागणं लहान आहे. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतली निम्मी रक्कम गायन पार्टीला द्या. तिला पुढाऱ्यांच्या आधी मंच द्या. आणि तुमच्या वस्तीत जो म्हातारा, जी म्हातारी गाते, तिच्यासमोर वही आणि मोबाईल घेऊन बसा. आजच बसा. पूर दरवर्षी येतो.

मी सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून पोलादपूरला जातो. बाबा आठवून आठवून सांगतात, मी लिहितो. आजवर तेवीस गाणी झाली. बोटीचं गाणं अजून पुरं झालेलं नाही, दोन कडवी त्यांना आठवत नाहीत. पार्टीतल्या दुसऱ्या कुणाला आठवतात का ते शोधतोय. तुमच्यापैकी कोणाच्या आज्याला, आजीला ठाऊक असतील तर भाषण संपल्यावर मला भेटा. मी खाली पायरीवर बसलेला असेन, वही घेऊन.

जयभीम!